1400 फोटोंमधले 8: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पाच-सहा जणांनी मिळून एक छोटा ग्रुप करा आणि दर महिन्याला आपापले ताजे फोटो एकमेकांना दाखवा, प्रवासातले असोत नाहीतर रोजच्या जगण्यातले. त्यावर इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, पण प्रश्न फार मनापासूनचे आहेत म्हणून आजची सगळी जागा त्यांनाच. पत्रं लांबलचक होती, त्यामुळे प्रश्न थोडक्यात घेतलेत.

प्रश्न: दहा दिवसांची ट्रिप करून आलो, 1400 फोटो निघाले, त्यातले 120 ग्रुपवर टाकले. दोघांचे अंगठे आले, बाकी सगळे गप्प. एवढी मेहनत केली आणि कोणाला काही पडलेलंच नाही असं वाटलं. लोकांना दुसऱ्याच्या फोटोत इंटरेस्टच नसतो का?

उत्तर: वाईट वाटणं साहजिक आहे. पण इंटरेस्ट असतो हो, नक्की असतो. होतं काय, 120 फोटो एकदम येऊन पडले की माणूस पहिले आठ-दहा नीट बघतो, मग बोट भराभर सरकायला लागतं, आणि एकदा का बोटाला वेग आला की त्यातला खरंच सुंदर फोटोही त्याच ओघात निघून जातो. तुमचा सगळ्यात चांगला फोटो कदाचित 87 नंबरला असेल, तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही. निवड करणं हे फोटो काढणाऱ्याचं काम आहे, ते तुम्ही बघणाऱ्यांच्या गळ्यात घातलंत.

सगळ्यात आधी थांबायला शिका. ट्रिपवरून आल्या आल्या आपल्याला फोटो दिसतच नाही, आपल्याला ती पहाट दिसते, बोटं गारठली होती ते आठवतं, तो चढ आठवतो, आणि बघणाऱ्याला यातलं काहीएक माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त एक चौकट असते. गॅरी विनोग्रँड नावाचा न्यूयॉर्कचा फोटोग्राफर, रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांमध्ये फार मोठं नाव, तो काढलेले रोल मुद्दाम वर्ष-वर्ष डेव्हलप करायचा नाही, का तर त्या दिवशी मूड कसा होता ते विसरून जावं आणि फोटो नुसता फोटो म्हणून बघता यावा. 1984 मध्ये तो गेला तेव्हा डेव्हलप न केलेले सुमारे 2,500 रोल मागे होते. आपल्याला एवढं टोक गाठायची गरज नाही, दोन आठवडे पुरेत.

मग चाळणी लावा. पहिल्या फेरीत फक्त बिघडलेले काढा, हललेले, डोळे मिटलेले, फोकस चुकलेले, यात विचार करत बसू नका. दुसऱ्या फेरीत सगळे फोटो स्क्रीनवर अगदी छोटे करून बघा, पोस्टाच्या तिकिटाएवढे. एवढ्या आकारातही जो नजर धरून ठेवतो त्याची रचना पक्की आहे समजा. तिसरी फेरी जीवावर येते. एकाच सूर्यास्ताचे 40 असतील तर एकच ठेवायचा, आणि तो कोणता हे कळत नसेल तर दोन-दोन शेजारी ठेवून एकेक बाद करत जा. असं करत 8 वर या. आठच का म्हणाल तर त्यात शास्त्र काही नाही, आमच्या ग्रुपमध्ये आठपर्यंत लोक नीट बघतात, नवव्याला कोणीतरी चहूकडे बघायला लागतं, एवढाच माझा अनुभव.

आणि आठही फोटो डोंगराचेच नकोत. एक लांबचा, एक अगदी जवळचा, एक माणसाचा, आणि एक ज्यात काहीच विशेष घडत नाहीये असा. आमच्यातल्या एकाने गेल्या वर्षी बर्फातल्या ट्रेकचे फोटो दाखवले, शिखर वगैरे होतंच, पण आम्ही तासभर बोललो ते तंबूच्या आतल्या फोटोवर. दोरीवर पाच ओले मोजे वाळत घातलेले, तंबूच्या नारिंगी कापडातून सकाळचा उजेड येऊन सगळं आतून पेटल्यासारखं दिसतंय, आणि सहावा मोजा नाहीच. तो सहावा कुठे गेला, इथून गप्पा सुरू झाल्या आणि अख्खी ट्रिप बाहेर आली. फोटोखाली एक ओळ लिहायची तर चौकटीत जे नाही ते लिहा. "सूर्योदय" असं लिहू नका, तो दिसतोच आहे.

प्रश्न: माझ्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत, घरातून हलता येत नाही. ग्रुपमधले सगळे समुद्र, डोंगर, परदेश टाकतात. माझ्याकडे एक खोली आणि एक खिडकी. मी ग्रुपमधून बाहेर पडू का?

उत्तर: अजिबात बाहेर पडू नका, प्लीज. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

योसेफ सुदेक नावाचे प्राग शहरातले फोटोग्राफर होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, तरी तिपाईवरचा मोठा जड कॅमेरा घेऊन ते आयुष्यभर काम करत राहिले. 1940 ते 1954 अशी चौदा वर्षं त्यांनी आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. खिडकी तीच आणि बाहेरचं झाडही तेच. काचेवर कधी बाष्प, कधी ओघळ, कधी बर्फाची नक्षी, खिडकीत कधी पाण्याचा ग्लास तर कधी एखादं फूल. आज त्यांचं नाव निघालं की लोकांना त्या खिडक्या आठवतात. दुसरे आंद्रे केर्तेस, 1977 मध्ये बायको गेली तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, आणि त्यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घराच्या खिडकीत काचेची एक छोटीशी मूर्ती ठेवून पोलरॉइडवर तिचे फोटो काढायला सुरुवात केली. तिच्या वाकलेल्या मानेत आणि खांद्यात त्यांना बायको दिसायची. काचेतून मागचं आकाश आणि इमारती उलट्यापालट्या होऊन दिसायच्या. कॅमेरा साधा, जागा हातभर.

माझी आई आजारी होती त्या वर्षी मीही असाच एक फोटो काढलाय आणि तो मला माझ्या कुठल्याही प्रवासाच्या फोटोपेक्षा जवळचा आहे. तिचा चष्मा उशाशी पालथा पडला होता, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. दुपारचं ऊन भिंगातून येऊन चादरीवर कोयरीसारखा एक लखलखीत ठिपका पडला होता, आणि मी बघत बसले तर पंधरा मिनिटांत तो ठिपका चादरीच्या एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेला. मी आधी तो चष्मा रोजच बघत होते, पण असा कधी बघितला नव्हता.

आता कामाचं बोलू. तुमच्या खोलीत ऊन किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं ते चार दिवस नुसतं बघा, फोटो काढू नका. मग खोलीतले दिवे बंद करा, कारण दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप), जरा निळसर, आणि पिवळ्या दिव्याचा 2700 ते 3000 केल्विन, दोन्ही मिसळले की एक बाजू पिवळी आणि एक निळी येते आणि मग एडिट करून पण नीट होत नाही. फोन सावली जास्तच उजळवून टाकतो, म्हणून स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा, काळोख काळोखच राहू द्या. खिडकी पाठीमागे घेण्यापेक्षा बाजूला घ्या, चादरीच्या सुरकुत्यासुद्धा बोलायला लागतात. सासूबाईंचा फोटो काढायचा असेल तर त्यांना विचारा, आणि काढलेला त्यांना आधी दाखवा, त्या नको म्हणाल्या तर ग्रुपवर नाही टाकायचा. त्यांचे हात, पाण्याचं भांडं, औषधांच्या वेळा लिहिलेला कागद, हे सगळं आहेच की. आणि डोंगर टाकणाऱ्यांना तुमच्या फोटोची किती गरज आहे ते एकदा टाकून बघा.

प्रश्न: कॅमेऱ्यात झकास दिसणारा फोटो ग्रुपवर टाकला की मऊ पडतो, आकाशात पट्टे येतात, कधी रंगच फिके होतात. कॅमेरा बदलू का?

उत्तर: कॅमेरा बदलू नका, गडबड पाठवण्यात आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेल असतो, फोनच्या स्क्रीनला एवढे लागतच नाहीत, मग ॲप आपल्या मनाने तो लहान करतं आणि वरून दाबतं पण. ते काम आपणच करून द्यायचं. लांब बाजू 2048 पिक्सेल करा, लहान केल्यानंतरच थोडं शार्पन करा, म्हणजे कडा जरा ठळक करा, आधी केलेलं वाया जातं, आणि कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंग कुठल्या पद्धतीने नोंदले जातात ते, एसआरजीबी ठेवा. फिके रंग बहुतेक वेळा ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमध्ये सेव्ह केल्यामुळे येतात, कारण सगळी ॲप्स ते नीट वाचत नाहीत. आकाशातले पट्टे जेपेगमुळे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, आणि 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेली कच्ची फाइल) 16,384, त्यामुळे जेपेगवर जोरात एडिट केलं की आकाशासारख्या सलग भागात पायऱ्या उघड्या पडतात. एडिट रॉवर करा आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच बनवा, उघड-सेव्ह, उघड-सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं खराब होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पण इथे एक सांभाळा, मूळ फाइलसोबत आतली माहितीही जाते, कुठला कॅमेरा, किती वाजता, आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा. जवळच्या ग्रुपमध्ये चालतं. पण घरातले फोटो, मुलांचे फोटो असे पुढे फिरायला लागले तर घराचा पत्ता त्यांच्यासोबत फिरतो. पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका, बहुतेक फोनमध्ये शेअर करतानाच तशी सोय असते.

प्रश्न: फक्त फोन आहे, चालेल का?

उत्तर: चालेल. भिंग तेवढं आधी मऊ कपड्याने पुसा, खिशातला फोन नेहमी बोटांच्या तेलकट डागांनी भरलेला असतो आणि निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये वाद झालाय. एकजण म्हणतो क्रॉप (कडा कापलेला) किंवा एडिट केलेला फोटो दाखवणं म्हणजे फसवणूक. तुमचं मत?

उत्तर: फ्रान्सचे नामवंत फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ हे क्रॉपिंगच्या विरोधात होते हे प्रसिद्ध आहे, पण त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो, 1932 सालचा, पॅरिसच्या सेंट लझार स्टेशनच्या मागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, तो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढला होता, भिंग फटीत पूर्ण मावत नव्हतं, त्यामुळे एका बाजूला कुंपण आलं, ते कापावं लागलं. म्हणून फोटो खोटा झाला असं कोण म्हणेल?

माझ्या मते कापणं, उजळवणं, काळंपांढरं करणं यात फसवणूक नाही. जे तिथे नव्हतं ते आणून बसवणं, किंवा होतं ते पुसणं, हे वेगळं आहे, ते केलं तर ग्रुपमध्ये सांगून टाका, एवढंच. आकाश दुसरीकडून आणलं असेल तर तसं लिहा. लपवलं की पुढच्या वेळी तुमचं खरं आकाश पण लोक संशयाने बघतात, आणि ते फार वाईट वाटतं, तुम्हालाही आणि त्यांनाही.

प्रश्न: प्रवासात अनोळखी माणसांचे फोटो फार छान मिळतात, पण शेअर करताना मनात खुट्ट होतं. विचारलं तर क्षण जातो, नाही विचारलं तर चोरल्यासारखं वाटतं.

उत्तर: हा पेच फोटोग्राफीएवढाच जुना आहे. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून ओळखतात तो फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, फ्रान्सच्या दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा काढलेला. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचा, त्यामुळे येणारीजाणारी माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं, आणि कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एकजण पाय टेकवून उभा होता म्हणून तेवढा उमटला. तो कोण होता कोणालाच ठाऊक नाही, आणि आपला फोटो निघाला हे त्यालाही कळलं नसणार.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. 1936 मध्ये डोरोथिआ लँग या अमेरिकन फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, मुलं खांद्यांत तोंड खुपसून उभी, आईचा हात गालाशी. मंदीच्या काळाचा तो चेहराच झाला. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. चाळीसेक वर्षांनी, 1978 मध्ये, जगाला कळलं की ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तेव्हा त्या बाईंनी सांगितलं की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून त्यांना काही मिळालं नव्हतं. फोटो महान आहे, त्यामुळे मदत पण पोचली तळावर, आणि तरीही त्या बाईंचं म्हणणं खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

मी काय करते ते सांगते. क्षण जाणार असेल तर फोटो आधी काढते आणि लगेच जवळ जाऊन दाखवते. बहुतेक जण हसतात, काही जण "पुसा" म्हणतात, मग त्यांच्यासमोर पुसते. नाव विचारते, फोटो हवा असेल तर पाठवते, आणि पाठवते म्हटलं की खरंच पाठवते, याच्यात आपण सगळे फार कच्चे असतो. ग्रुपमध्ये दाखवणं वेगळं आणि सगळ्या जगासाठी टाकणं वेगळं हे पण लक्षात ठेवा. झोपलेला, रडणारा, आजारी किंवा दारू प्यायलेला माणूस मी कुठेच टाकत नाही. लहान मुलं पालकांना विचारल्याशिवाय नाही. आणि स्वतःला विचारायचं की अशा अवस्थेत माझा फोटो कोणी काढून दहा जणांना दाखवला तर मला चालेल का, उत्तर जर "नाही" आलं तर तो फोटो माझ्यापाशीच राहतो.

प्रश्न: ग्रुपमध्ये "मस्त", "सुपर", "जबरी" याच्यापुढे कोणी जातच नाही. खरं बोललं तर माणसं दुखावतात. काय करावं?

उत्तर: मी एकदा एका नव्या मैत्रिणीच्या फोटोवर पहिलंच वाक्य बोलले, "क्षितिज तिरकं आलंय." तिरकं होतंच. पण तो तिच्या वडिलांबरोबरच्या शेवटच्या प्रवासातला फोटो होता, आणि त्यानंतर चार महिने तिने काही पाठवलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यावरून आम्ही पद्धत बदलली.

आता फोटो समोर आला की काढणारा गप्प बसतो. बाकीच्यांनी एकेक करून फक्त एवढंच सांगायचं की नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, आणि कुठे अडली. चांगलं-वाईट म्हणायचंच नाही. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा. परवा एकीने पावसातला बसच्या काचेचा फोटो दाखवला, बाहेरचे दिवे ओघळांतून पसरलेले. ती म्हणे मी दिव्यांसाठी काढला. आणि आमच्यातल्या तिघांची नजर गेली ती काचेतल्या एका पुसट प्रतिबिंबावर, मागच्या सीटवरचं एक लहान मूल, काचेला नाक लावून. तिला ते तोपर्यंत दिसलंच नव्हतं! तिने तो फोटो परत उघडला, दिवे थोडे उतरवले, आणि आता तो फोटो त्या मुलाचा झालाय.

एवढं झालं की मग काढणाऱ्याने बोलायचं, काय मनात होतं ते. आणि मग त्याने विचारलं तरच सुधारणा सांगायची, तीसुद्धा एकच. एका फोटोला पाच मिनिटं द्या. लोक टीकेने दुखावतात हे खरं, पण माझा अनुभव असा की नीट न बघता केलेल्या टीकेने जास्त दुखावतात.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधला एक मित्र दोन महिन्यांपूर्वी अचानक गेला. जायच्या दोन दिवस आधी त्याने गॅलरीतल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो टाकला होता, त्यावर कोणीच काही बोललं नव्हतं. त्याच्या फोटोंचं काय करावं कळत नाही.

उत्तर: तुमच्या सगळ्यांच्या दुःखात मी सहभागी आहे.

ग्रुपवर आहेत ते फोटो दाबून लहान झालेले आहेत, मूळचे त्याच्या कॅमेऱ्याच्या कार्डात, फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर असतील. घरच्यांना घाई न करता सांगा की त्यातलं काहीही फॉरमॅट करू नका आणि फोन कोणाला देऊ नका. व्हिव्हियन मायर ही शिकागोत मुलं सांभाळणारी बाई, जन्मभर रस्त्यावर फोटो काढले, कोणाला फारसे दाखवले नाहीत. भाड्याच्या गोदामात ठेवलेलं तिचं सामान भाडं थकलं म्हणून 2007 मध्ये लिलावात गेलं, लाखाच्या वर निगेटिव्ह, वेगवेगळ्या लोकांच्या हाती. 2009 मध्ये ती वारली तेव्हा तिला यातलं काही कळलेलं नव्हतं असंच दिसतं. तुमच्या मित्राच्या बाबतीत निदान तुम्ही आहात.

घरच्यांपैकी एकाला शेजारी बसवून सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवा, एक त्यांच्याकडे आणि एक दुसऱ्या घरी. खाजगी काय आहे ते घरचे ठरवतील, तुम्ही उघडून बघत बसू नका. तो स्वतः जे ग्रुपवर टाकायचा ती त्याची स्वतःची निवड होती, त्यामुळे त्या फोटोंची यादी आधी करा, मूळ फाइल शोधा आणि त्यांचे कागदावर प्रिंट काढून घरच्यांना द्या. ग्रुपची चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोटोखाली त्याने लिहिलेल्या ओळी त्यात आहेत, कुठल्या फोटोखाली कुठली ते तारखेनिशी लिहून काढा, नाहीतर वर्षभरात कोणालाच आठवणार नाही.

आणि पुढच्या महिन्यात भेटाल तेव्हा तो खुर्चीचा फोटो पहिला उघडा. पाच मिनिटं द्या, आणि प्रत्येकाने सांगा की नजर आधी कुठे गेली.